मेंगियाची वाळू

आल्प्सच्या डोंगरात अजून विजेची तार पोचली नव्हती आणि गाड्या वाफेवर घाट चढत होत्या, तेव्हाची ही हकीकत. स्वित्झर्लंडमधल्या अशाच एका चढाच्या पायथ्याशी, प्राद्सोत स्टेशनात, मेंगिया नावाची विधवा राहायची. तिचं काम एकच, इंजिनासाठी वाळू वाळवायची. रुळावर बर्फ पडला की चाकं घसरतात, मग नळीतून रुळावर कोरडी वाळू सोडावी लागते. वाळू वाळवणं हे काय काम झालं, असं म्हणून लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं!

इंजिनही तिथलं जगावेगळं. बॉयलर एक, पण खाली चाकांचे दोन संच. ताजी वाफ आधी मागच्या संचाला, आणि थोरल्याचं जेवण झाल्यावर उरलेलं धाकट्याला वाढावं तशी तीच वाफ मग पुढच्या संचाला. हा पुढचा संच वळणावर आपला आपण वळायचा. पण होता मोठा चंचल, घसरायचा तर आधी तोच.

एका हिवाळ्यात वरच्या सुरावाल गावात घटसर्पाची साथ आली. मेंगियाची सहा वर्षांची लेक लादिना तिथेच आजीकडे तापानं फणफणली होती. एके सकाळी शहरातून औषधाची पेटी आली आणि ड्रायव्हर दूरी इंजिनातून ओरडला, "मेंगिया, वाळू आण, लवकर!"

वाळू भट्टीवरून नुकतीच उतरली होती. ती पुरती निवल्याशिवाय इंजिनात भरायची नाही, हा नियम मेंगियानंच सगळ्यांना शिकवलेला. पण आईचा जीव तो! तिनं गरम वाळूच इंजिनाच्या थंडगार वाळूपेटीत ओतली. गाडी सुटली. लोखंडात वाळूला घाम फुटला, तिचे गोळे झाले आणि चौथ्या वळणावर नळ्या तुंबल्या.

चाकं जागच्या जागी गरगरू लागली. तो आवाज खाली मेंगियानं ऐकला आणि काय झालं ते तिनं ओळखलं. उरलेली वाळू एप्रनच्या ओटीत घेऊन ती पायवाटेनं धावत वर गेली.

"दूरी, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी पुढे चालते, तू गाडी मागून आण."

असं म्हणतात, ती वाकून दोन्ही रुळांवर मूठमूठ वाळू टाकत चालली. असं म्हणतात, अकरा वळणं झाली तरी तिची ओटी रिकामी झाली नाही. आणि असंही म्हणतात, की तो चंचल पुढचा संच एकदाही न घसरता तिच्यामागून गुपचूप चालत आला.

गाडी चार तास उशिरा पोचली. त्या औषधानं चौदा मुलं वाचली. लादिना तासाभरापूर्वीच गेली होती.

गावात कुणीही मेंगियाला बोल लावला नाही. लावला असता तर बिचारी निदान रडली तरी असती. पुढे तीस वर्षं ती वाळूच वाळवत राहिली. भट्टीवरून वाळू उतरली की लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तिच्यावर तळहात ठेवून बसायची. कितीही घाई असो, वाळू निवेपर्यंत हात उचलायची नाही.

आता तिथे विजेची इंजिनं धावतात, पण वाळू त्यांनाही लागते. पेटी भरण्याआधी कामगार अजूनही वाळूवर हात ठेवून थांबतो. शेजारचा हळूच विचारतो, "ताप उतरला का?"

"उतरला," असं उत्तर आल्यावरच वाळू ओततात. तोवर गाडीला कितीही उशीर होवो, स्टेशनमास्तर शिट्टी वाजवत नाही.