वज्रपंखाचा उजवा खांदा

एकदा एका तालुक्याच्या गावी एका चित्रपटावरून दोन जिवलग मित्रांचे बोलणे बंद झाले. नवल असे की तो चित्रपट तोवर कोणीही पाहिलेला नव्हता.

त्या दोघांपैकी धैर्यशील हा एका वृद्ध चित्रकाराचा शिष्य. अवघे गाव या चित्रकाराला मास्तर म्हणत असे. एके काळी मास्तरांनी चित्रपटांची दुमजली चित्रे हाताने रंगवली होती. पुढे यंत्रावर छापलेले फलक आले आणि ते काम आटले. आता दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती आणि गणपतीचे देखावे यांवर त्यांचे भागत असे. दुसरा मित्र भूपाल. पेठेतली पिठाची गिरणी त्याची. दोघे बालवाडीपासूनचे सोबती. एकाला ठेच लागली तर दुसऱ्याने लंगडावे, इतके घट्ट.

दोघांचे दैवत मात्र एकच होते, वज्रपंख. पिवळा शेला फडकवत आकाशातून उतरणारा, चोराला पकडून वर त्याच्याशी विनोद करणारा हा पडद्यावरचा वीर त्यांनी लहानपणी पाहिला आणि तो कायमचा मनात बसला. मोठेपणी त्यांनी इतर भक्तांना गोळा करून ‘वज्रपंख मित्रमंडळ’ स्थापन केले. नवा वज्रपंख गावात लागला की चित्रपटगृहाच्या दारात त्याचे भव्य कटआउट उभारायचे, नारळ फोडायचा, हलगी वाजवायची. चित्र धैर्यशीलने रंगवायचे आणि ते उभे करायचे भूपालने, ही रीत ठरून गेलेली होती.

या खेपेस मात्र माशी शिंकली. नव्या चित्रपटाची दीड मिनिटाची झलक आली आणि तिच्यात वज्रपंख उडतच नव्हता. पावसात, चिखलात पाय ओढत चालत होता. शेला काळा. चेहरा अंधारात. एकदाही हसला नाही. मंडळात लगेच दोन तट पडले. एक तट म्हणे, हा कसला वीर, हा तर दवाखान्यातून पळून आलेला पेशंट! दुसरा म्हणे, आजवर पोरखेळ पाहिला, आता कुठे खरा माणूस दिसणार. पोरांना घेऊन जाता येईल का, शेवटी तो खलनायकाचा जीव घेईल का, मुखवटा फाटलेला का आहे, यांवर रोज मोबाईलच्या ग्रुपवर रणे पेटू लागली. ज्यांनी घरातल्या लग्नाच्या याद्यांवर कधी तोंड उघडले नाही, ते शेल्याच्या रंगावर पानेच्या पाने लिहू लागले.

आपण हसू नये. माणसे एखाद्या गोष्टीवर इतके प्रेम करतात, ही काही वाईट गोष्ट नव्हे.

धैर्यशील पिवळ्या शेल्याचा कैवारी, भूपाल काळ्याचा. एके दुपारी भूपालने ग्रुपवर लिहिले, ‘वीरालाही दुःख असू शकतं. ते दाखवलं तर बिघडलं कुठं?’ धैर्यशील वादाच्या तारेत होता. त्याने ताडकन उत्तर टाकले, ‘ज्याला रडायची एवढी हौस आहे त्यानं आपल्या घरी रडावं. थिएटरात पाणी कशाला?’

त्या वाक्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. धैर्यशील खूश झाला. थोड्या वेळाने त्याला दिसले की भूपाल ग्रुपमधून निघून गेला आहे. ‘येईल परत, जातो कुठं,’ असे तो स्वतःशी म्हणाला. पण भूपाल परतला नाही. फोन उचलेना. गिरणीवर गेले तर मान वर करीना. गिरणीचा आवाज दुरून ऐकू आला तरी धैर्यशील वाट बदलू लागला, आणि तोंडाने मात्र तो सर्वांना सांगत राहिला की चूक भूपालचीच आहे.

चित्रपट तोंडावर आला. मंडळाच्या अध्यक्षांनी हात टेकले आणि दोघांनाही मास्तरांकडे धाडले. कटआउट कसे असावे ते आता मास्तरांनीच ठरवावे, जे म्हणतील ते मंडळ मान्य करील.

दोघे मास्तरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन टोकांना उभे राहिले. मास्तर ब्रश धूत होते.

“वीराचा फोटो आलाय का?” त्यांनी विचारले.

“नाही मास्तर,” धैर्यशील म्हणाला. “नुसती सावली दाखवलीया. चेहरा गुपित ठेवलाय.”

“मग माणूस उभा करावा लागंल. पूर्वी आम्ही तसंच करायचो. फोटो मिळायचा नाही, मग गल्लीतला एखादा गडी उभा करून नायक काढायचा.” मास्तरांनी भूपालकडे पाहिले. “भूपाल, उद्या दुपारी ये. अंगावर घ्यायला एखादं काळं कांबळं आण. तूच उभा राहा. आणि धैर्या, तू काढ.”

धैर्यशील चपापला. न्याय मागायला यावे आणि न्यायाधीशाने प्रतिपक्षालाच सिंहासनावर बसवावे, तसे त्याला झाले. “म्हणजे काळाच ठरला?” त्याने विचारले.

“मी काही ठरवलेलं नाही,” मास्तर म्हणाले. “अट एकच. काम होईस्तोवर सिनेमाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दोघांनीबी.”

दुसऱ्या दिवशी भूपाल आला. त्याने खांद्यांवर कांबळे घेतले आणि तो भिंतीकडे नजर लावून उभा राहिला. धैर्यशीलने फळीवर कागद ताणला, कोळसा उचलला आणि सराईतपणे रेघा ओढल्या. मान ताठ, छाती रुंद, खांदे पाटासारखे समतल. वीर असाच असतो. त्याने असे शेकडो काढले होते.

मास्तर मागून आले. त्यांनी चित्र पाहिले, समोर उभा असलेला भूपाल पाहिला, आणि हातातल्या फडक्याने उजवा खांदा पुसून टाकला.

“परत काढ. जसा आहे तसा.”

धैर्यशीलने पुन्हा काढला. मास्तरांनी पुन्हा पुसला. आता त्याला राग आला. एवढी वर्षे हाताखाली काम केले, आणि आज याच्यासमोर असा अपमान! त्याने दात आवळून पुन्हा रेघ ओढली आणि मास्तरांनी तीही पुसली.

“मास्तर, चुकतंय काय ते तरी सांगा!”

“हात चांगला आहे तुझा. पण तो तुझ्या डोक्यातलं काढतोय. समोरचं बघ की जरा,” असे म्हणून मास्तर बाहेर अंगणात जाऊन बसले.

आता शेडमध्ये दोघेच उरले. धैर्यशीलने कोळसा खाली ठेवला आणि पाहू लागला. कित्येक महिन्यांत त्याने भूपालकडे असे पाहिले नव्हते. भांडताना डोळ्यांसमोर मोबाईलचा पडदा होता आणि त्याआधी, मैत्रीत, पाहण्याची गरजच वाटली नव्हती. भूपाल वाळला होता. कानशिलावर पांढरे केस आले होते. आणि त्याचा उजवा खांदा डाव्याहून खाली होता. थोडाथोडका नव्हे, चांगला चार बोटे. कांबळे त्या बाजूने सारखे घसरत होते आणि भूपाल ते नकळत सावरत होता.

धैर्यशीलचा हात तो खांदा आपोआप सरळ करत होता. चित्रातले वीर वाकडे नसतात, हे त्या हाताला पाठ झाले होते.

“भूपाल,” किती दिवसांनी त्याने ते नाव तोंडाने उच्चारले, “खांद्याला काय झालंय तुझ्या?”

भूपाल भिंतीकडेच पाहत राहिला. मग तो म्हणाला, “आईला उचलायचो न्हवं का.”

भूपालची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होती आणि गेल्या श्रावणात ती गेली, हे धैर्यशीलला ठाऊक होते. तो अंत्ययात्रेला गेला होता, दहाव्यालाही गेला होता. पण ते ठाऊक असणे निराळे आणि हा खांदा पाहणे निराळे.

“खाटंवरनं खुर्चीवर, खुर्चीवरनं मोरीत, परत खाटंवर,” भूपाल सांगू लागला. “तिचं डोकं ह्या खांद्यावर यायचं. बाई ठेवली असती, पण दुसऱ्याचा हात लागला की ती लाजायची, रडायची. म्हणून मीच. दिवसभर गिरणी, वर हे. डॉक्टर म्हणतोय, खांदा होईल बरा, व्यायाम कर. पण करू वाटत न्हाई गड्या. सरळ झाला तर ती पुरती गेल्यासारखं वाटंल.”

धैर्यशील फळीपाशीच खाली टेकला. भूपाल पुढे सांगत राहिला.

“लोक यायचे, सांगायचे, हसत राहा, सगळं ठीक होईल. तूबी म्हणालास. दहाव्याला. त्यात वाईट काय न्हवतं. पण ठीक झालं न्हाई की. मग ती झलक बघितली. तो चिखलातनं चालतोय, उडता येत न्हाई, तरी चालतोय. मला वाटलं, मर्दा, हा आपल्यातला आहे. एवढंच. मी कुणाला रडवायला न्हवतो निघालो.”

‘ज्याला रडायची एवढी हौस आहे त्यानं आपल्या घरी रडावं.’ आपलेच वाक्य धैर्यशीलच्या कानात वाजले. भूपालने ते वाचले तेव्हा तो कुठे असेल? त्या रिकाम्या खाटेशेजारीच असेल. शरमेने धैर्यशीलचे कान तापले. डोळे भरून आले आणि ते लपवावेत असेही त्याला वाटले नाही.

“ते ग्रुपवर लिहिलेलं...” तो कसाबसा म्हणाला.

“घरीच रडलो की मी,” भूपाल म्हणाला. “तू सांगितलंस तसंच.”

हे तो कुजकटपणे म्हणाला नाही आणि म्हणूनच ते अधिक लागले. धैर्यशील उठला, त्याच्यापाशी गेला, घसरलेले कांबळे त्याने खांद्यावर नीट बसवले आणि हात तिथेच ठेवला. “चुकलो मी,” तो म्हणाला. “लई चुकलो.”

काही वेळाने भूपालने विचारले, “पण तुला एवढा पिवळाच का पाहिजे रं? तूबी जिवाच्या आकांतानं भांडत होतास.”

धैर्यशीलने नाक पुसले. “पहिला वज्रपंख बघायला आपल्याला कुणी नेलं होतं?”

भूपालने पहिल्यांदाच भिंतीवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिले.

“तुझ्या आईनं,” धैर्यशील म्हणाला. “आमच्या घरात सिनेमा म्हटलं की मार. काकींनी आमच्या आबांना चक्क खोटं सांगितलं, पोरगं माझ्याकडं अभ्यासाला थांबतंय म्हणून. आणि जायच्या आधी आपलं हळदीच्या रंगाचं जुनं पातळ मधोमध फाडून दोघांच्या गळ्यात बांधलं. मी तसा कधी हसलो न्हाई भूपाल, आयुष्यात परत न्हाई. तो काळा झाला म्हटल्यावर मला वाटलं, तो दिवसच कुणीतरी पुसून टाकतंय.”

भूपालच्या तोंडावर हसू आणि रडू एकाच वेळी आले आणि त्याला दोन्ही आवरेना.

मास्तर आत आले तेव्हा कागदावर नवा खांदा उमटला होता. तो खाली झुकलेला होता आणि जणू त्यावर कोणाचे तरी डोके नुकतेच विसावले होते. मास्तरांनी फडके खुंटीला अडकवले.

“तुम्हाला ठाऊक होतं, मास्तर?” धैर्यशीलने विचारले.

“खांदा ठाऊक होता. रस्त्यानं जाता-येता दिसायचा. बाकीचं आत्ता अंगणात बसून ऐकलं,” मास्तर म्हणाले आणि स्टुलावर टेकले. “बाळांनो, वीराकडे माणूस रिकाम्या हातानं जात नाही. आपलं एखादं दुखणं, एखादं सुख, जे कुणाला दाखवता येत नाही, ते घेऊन जातो. ‘माझी आई गेली’ हे पुन्हापुन्हा सांगायला जीभ रेटत नाही. मग तो म्हणतो, शेला काळा पाहिजे. ‘तुझी आई मलाही हवी आहे’ हे म्हणायला दुसऱ्याला संकोच वाटतो. तो म्हणतो, पिवळाच पाहिजे. ऐकणारा शेल्याचा रंग ऐकतो आणि भांडायला उठतो. मी निवाडा दिला असता तर एक रंग जिंकला असता. एकमेकांचं ऐकून घ्यायचं मात्र राहूनच गेलं असतं. म्हणून म्हटलं, आधी एकमेकांना नीट पाहा.”

पुढे दोघांनी मिळून ते कटआउट पुरे केले. शेला खऱ्या कापडाचा, काळा, त्याचे अस्तर हळदीच्या रंगाचे, आणि उजवा खांदा झुकलेला. उभारताना मंडळात व्हायची ती कुजबुज झालीच. पिवळे म्हणाले, काळा कशाला. काळे म्हणाले, अस्तर कशाला. आणि दोन्ही तट एकमताने म्हणाले की धैर्याचा हात बिघडला, खांदा वाकडा आलाय. दोर ओढणाऱ्या भूपालने ते ऐकले आणि दोराची गाठ पक्की केली.

शुक्रवारी आत जाण्यापूर्वी धैर्यशील समोरच्या चहाच्या गाड्यावर बसलेल्या मास्तरांकडे आला. “मास्तर, एवढं करून सिनेमाच भिकार निघाला तर?”

“तर दोघं मिळून शिव्या द्या,” मास्तर म्हणाले. “इतके दिवस एकेकटे देत होतात.”

खेळ सुटला तेव्हा मास्तर तिथेच होते. गर्दी बाहेर पडली, नेहमीप्रमाणे वाद घालत. मागून हे दोघे आले.

“काय रे, कसा होता?”

“सगळं होतं मास्तर,” भूपाल म्हणाला. “चिखल होता, रक्त होतं, अंधार तर इतका की काही दिसंना. पण खांदे? दोन्ही सरळ!”

“आणि हसला एकदाबी न्हाई,” धैर्यशील म्हणाला.

दोघांनी वर, दाराशी उभ्या असलेल्या त्या वाकड्या खांद्याच्या वीराकडे पाहिले. वाऱ्याने काळ्या शेल्याची कड उलटली होती आणि आतला हळदी रंग दिसत होता.

“आपलाच बरा आहे,” भूपाल म्हणाला. मास्तरांनी गाड्यावाल्याला आणखी दोन चहा सांगितले आणि बाकावर जरा सरकून दोघांना जागा करून दिली.