तालाआडचं बोलणं

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आजीची आजीसुद्धा ज्याला 'जुना काळ' म्हणायची त्या काळी, डोंगराच्या पायथ्याला दोर वळणाऱ्यांचं एक गाव होतं.

दोर वळणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. बरेच जण मिळून वाखाच्या तंतूंचे पेड हातात धरतात आणि पीळ देत देत उलट्या पावलांनी मागे जातात. एकाचं पाऊल चुकलं की सगळा दोर बिघडतो. म्हणून कुणा शहाण्यानं दोर वळताना ढोल वाजवायला सुरुवात केली. पावलं जुळली. दोर असा मजबूत व्हायला लागला की हत्तीनं एकदा ओढून बघावा आणि माफी मागून निघून जावं.

इथवर सगळं ठीक होतं. पण गाव कधी ठीक असलेल्या जागी थांबत नाही.

"दोराला ढोल चालतो, तर भाकरीला का नको?" कुणीतरी म्हणालं. मग लोक भाकऱ्या ढोलाच्या तालावर थापायला लागले. मग धुणं, मग जेवण, मग भांडण, मग भांडण मिटवणं. न्हावी हजामतही तालावर करायचा. मध्येच ताल बदलला तर अर्धी मिशी जायची. गावात अर्ध्या मिशीचे पुष्कळ लोक होते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

उजाडलं की पारावर ढोल आणि सनई सुरू व्हायची, ती थेट दिवेलागणीपर्यंत.

आता जिथे सतत काहीतरी वाजत असतं, तिथे लोकांची एक सोय आपोआप होते. समोरच्याला तोंडभर हसून "या, बसा" म्हणायचं, आणि लगेच मान वळवून, ओठ फारसे न हलवता, मनातलं पुटपुटून मोकळं व्हायचं. ढोलात ऐकतंय कोण? गाव याला 'तालाआडचं बोलणं' म्हणायचं. त्याचा नियम एकच, पण बापजाद्यांपासून पाळलेला. तालाआड बोललेलं, ते बोललेलंच नाही.

त्यामुळे गाव अतिशय प्रेमळ होतं. वरवर.

अशा या गावात एक मुलगी सून म्हणून आली. तिचा नवरा म्हणजे गावचा ढोलवाला. आणि तिचं माहेर डोंगरापलीकडचं, तळ्याकाठचं.

तळ्याकाठचे लोक मासे धरून पोट भरायचे. मासा आवाजानं पळतो, म्हणून तिथे सगळेच हळू बोलायचे. जे बोलायचं ते थोडं, आणि समोरासमोर. "तुझी होडी गळतेय." "तुझा भाऊ लबाड आहे." "भात वाढ." सगळं एकाच आवाजात. तिथल्या पोरीसोरी होडीच्या तळाला कान लावून, खाली मासा कुठल्या अंगाला वळला ते सांगायच्या.

असले कान घेऊन ती ढोलाच्या गावात आली. सुरुवातीला तिला वाटायचं, आपलं डोकं म्हणजे उखळ आहे आणि आत कुणीतरी पोहे कांडतंय. पण हळूहळू कान सरावले. ढोल एका अंगाला राहिला, सनई दुसऱ्या अंगाला, आणि गढूळ पाण्यात मासा चमकावा तसं मधूनच लोकांचं पुटपुटणं ऐकू यायला लागलं. थोडंथोडकं नाही. सगळं.

ते तालाआडचं असतं, हे मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या माहेरी माणूस बोलला, म्हणजे तो उत्तराची वाट बघतोय असं समजत.

एकदा सासूनं ताटातली भाकरी उचलली. "छान झालीय हो," ती म्हणाली आणि मान वळवून पुटपुटली, "हिच्यानं तर छप्पर शाकारावं."

"शाकारते की, आत्याबाई," सून म्हणाली. "कुठल्या अंगाला गळतंय?"

सासूच्या हातून भाकरी ताटात पडली. भाकरीचा आवाज ढोलातही ऐकू आला. तशी होतीच ती.

मग एक दिवस पाटील दारात आले. सुनेनं ताक दिलं. "वा, वा, अमृत!" पाटील म्हणाले, आणि मान वळवून, "पांढरं पाणी नुसतं."

"थांबा पाटील, दाट आणते," सून म्हणाली आणि आत वळली. बाहेर आली तर पाटील नव्हते. त्यांची पगडी मात्र ओसरीवर राहिली होती.

विहिरीवर शेजारीण भेटली. "अगं बाई, किती दिवसांनी दिसलीस!" म्हणाली आणि पुटपुटली, "आणखी थोडे दिवस नसती दिसली तर बरं."

"असं आहे होय?" सून मनापासून म्हणाली. "मग उद्यापासून मी अंमळ लवकर येऊन पाणी नेत जाईन. तुम्ही निवांत या."

शेजारणीची घागर विहिरीत गेली. दोर चांगला होता, म्हणून परत आली.

झालं! ढोलवाल्याची बायको तालाआडचं ऐकते, ही बातमी गावभर पसरली, अर्थातच तालाआडून. पण तक्रार करायची कशी? "आम्ही जे बोललोच नाही, ते हिनं ऐकलं" असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

पाटलांनी विचार केला आणि जाहीर केलं, "गावात जरा उत्साह कमी पडतोय. आणखी एक ढोल आणा."

आणखी एक ढोल आला. पण आता लोकांना आपलं पुटपुटणं आपल्यालाच ऐकू येईना. मनातलं बोलून हलकं वाटायचं, तेही वाटेना. मग लोक जरा मोठ्यानं पुटपुटायला लागले. मोठ्यानं पुटपुटल्यावर ते सुनेलाच काय, समोरच्यालाही ऐकू जाईल अशी भीती वाटली. म्हणून ताशे आणले. लोक आणखी मोठ्यानं बोलले. झांजा आल्या. मग तुतारी आली. शेवटी असं झालं की माणसं एकमेकांना भेटत, गोड हसत, मान वळवत आणि गळ्याच्या शिरा ताणून बोंबलत. मग परत मान सरळ करून गोड हसत.

याला ते अजूनही पुटपुटणंच म्हणायचे.

सुनेला एका घटकेचीही शांतता मिळेना. पण गंमत म्हणजे तिला ढोल आवडायला लागला होता. दोर वळायला ती बायकांच्या ओळीत उभी राहायची, आणि उलटं चालताना तिची पावलं आपोआप पडायची. जणू कुणी मागून हात धरून नेतंय. त्या वेळी कुणी पुटपुटतही नसे, सगळ्यांचं लक्ष पावलांवर. दिवसातली तेवढी वेळ तिला फार प्रिय होती.

आणि तिला नवरा आवडायचा. सबंध गावात तालाआड न बोलणारा तो एकटाच होता. बोलणार कसा? दोन्ही हात ढोलावर आणि तोंडात मात्रा. पण दिवसभर ढोलाशेजारी राहून त्याचे कान संध्याकाळीही घुमत असत. सून आपल्या तळ्याकाठच्या आवाजात विचारायची, "आमटीत मीठ बरं आहे ना?"

तो प्रेमानं म्हणायचा, "हो, उद्या जाऊ."

लग्नाला दोन सुग्या उलटल्या. त्यानं आपल्या बायकोचा आवाज अजून नीट ऐकलाच नव्हता.

इकडे वाजवणारे इतके झाले की प्रत्येकजण दुसऱ्याच्या पुढे पळायला लागला. ताल वाढला. तालाबरोबर दोर वळणाऱ्यांच्या हातांचा वेग वाढला. दोराला गरजेपेक्षा जास्त पीळ बसला. जमिनीवर ठेवला की दोर फणा काढून उठून बसायचा. बैल बांधायला घेतला की बैलासकट माणसाला गुंडाळायचा. बाजारातून दोर परत यायला लागले. एक तर आपणहून आला, असं म्हणतात.

"हे सगळं त्या पोरीच्या कानांमुळे," गाव म्हणालं. आणि तिला कायमची माहेरी पाठवायची म्हणून पारावर सभा भरली.

सभेलाही वाजंत्री होतीच. सभा म्हणजे महत्त्वाचं काम, म्हणून जास्तच होती. नवरा पारावर ढोल बडवत होता. गावचा ढोल त्याच्याकडे. तो थांबला तर सभा मोडेल, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. सून खाली उभी होती. सासू एका कडेला. पाटलांचा बैल मानेवर जू घेऊन शेजारीच बांधलेला.

"सूनबाई," पाटील गोड हसून ओरडले, "तू गुणी आहेस! पण तुला माहेरची आठवण येत असेल! तेव्हा उद्या गाडी जुंपू! काही म्हणायचंय का तुला?" आणि मान वळवून त्यांनी मनातलं सुरू केलं. ते बघून सगळ्यांनीच सुरू केलं.

सून तिच्या आवाजात म्हणाली, "मला जायचं नाही."

कुणालाच ऐकू गेलं नाही.

पण नवऱ्यानं तिचे ओठ हललेले पाहिले. हे ओठ तो दोन सुग्या हलताना बघत होता आणि अंदाजानं 'हो' म्हणत होता. उद्या गाडी जाईल. आणि ही जाताना काय म्हणाली, असं कुणी विचारलं तर आपण काय सांगणार?

त्यानं ढोलाची काठी खाली ठेवली.

त्या गावात बाकीची सगळी वाद्यं त्याच्याच ढोलाच्या मागं चालायची. तो थांबला तसा दुसरा ढोल थांबला, ताशे थांबले. झांजा थांबल्या. सनई गप्प झाली. तुतारीनं शेवटचं एक फुस्स केलं.

पण लोकांची तोंडं काही ढोलाच्या मागं चालत नव्हती. ती वेगात होती.

"...आणि या न्हाव्यानं माझी उरलेली मिशीही खाल्ली, वर माझ्याच पंगतीला बसतो मेला!" पाटलांचा आवाज डोंगरावर आपटून परत आला.

"पाटलाचं डोकं म्हणजे भोपळा, वस्तऱ्यालाही कंटाळा येतो!" न्हावी त्याच क्षणी किंचाळत होता.

"...शेजारच्या घराचा वाखाचा ढीग माझ्या ढिगापेक्षा मोठा, जळो मेला!" शेजारीण.

आणि त्या सगळ्यांच्या वर, गळा फुटेस्तोवर, सासू, "पोरगी सोन्यासारखी आहे हो! आमटी माझ्याहून बरी करते, तेच तर मला सोसत नाही!"

मग सगळे गप्प झाले. त्या गावानं दिवसाउजेडी शांतता पहिल्यांदाच ऐकली. लांब कुठेतरी पान पडलं, तेही सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आणि माझं जू उलटं घातलंय," पाटलांचा बैल म्हणाला. "कधीपासून सांगतोय."

एरवी बैल बोलला म्हणून गाव गोळा झालं असतं. पण त्या घडीला कुणाला बैलाचं आश्चर्य करायला सवड नव्हती. पाटील निमूटपणे उठले आणि जू सरळ करून आले. निस्तरता येण्यासारखं तेवढंच होतं.

सून सगळ्यांकडे बघत होती. "हे तर रोजच बोलता की तुम्ही," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचं तुम्हाला ठाऊक आहे."

नवरा पारावरून उतरला. "अगं, मघाशी काय म्हणालीस?"

"मला जायचं नाही."

"तुझा आवाज असा आहे?"

"असाच. पहिल्यापासून."

"मग नको जाऊस," तो म्हणाला. "मला अजून बाकीचं ऐकायचंय."

आता तिला धाडणार तरी कोण? तालाआडचं ऐकते हाच तिचा गुन्हा, आणि आता तो सगळ्या गावानं केला होता. लोक पारावरच भांडायला बसले. ढोल नव्हता, त्यामुळे भांडताना प्रत्येकाला आपलाच आवाज ऐकू यायला लागला, आणि तो काही कानाला बरा नव्हता. भांडण लवकर संपलं. अबोला मात्र बरेच दिवस टिकला. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, आणि हे तर पिळाचंच गाव.

मग प्रश्न आला ढोलाचा. काही म्हणाले, नदीत सोडा. काही म्हणाले, वाजू द्या, नुसत्या शांततेत घास गिळताना आपलाच आवाज येतो, लाज वाटते. शेवटी पाटलांनी सुनेला विचारलं, आणि विचारून झाल्यावर मान वळवली नाही. त्यांना ते फार जड गेलं.

"दोर वळताना हवाच," सून म्हणाली. "त्याच्याशिवाय माझी पावलं चुकतात. लग्नाला हवा, जत्रेला हवा. सभेला नको. आणि जेवताना ज्याला हवं त्यानं गुणगुणावं, पण घास गिळून."

तसं ठरलं. एकच ढोल राहिला, एकच सनई. ताल जागेवर आला, आणि दोर पुन्हा जमिनीवर पडून राहायला शिकले. लोकांनाही समोरासमोर बोलायची सवय लागली. सुरुवातीला फार कमी बोलायचे, कारण जे बोलता येईल असं त्यांच्याकडे थोडंच होतं. पुढे वाढलं.

ढोलवाल्यालाही रोज संध्याकाळी बायकोचं बोलणं ऐकू यायला लागलं, आणि त्याला कळलं की ती हळू बोलते खरी, पण थांबत नाही. मात्र त्यानं पुन्हा कधी अंदाजानं 'हो' म्हटलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा. गाणं सोबतीला घ्यावं, आडोशाला घेऊ नये.