बेवारस बोटी

ऋजुताला वाटलं होतं, उपग्रहाचं चित्र दाखवलं की खाडीतला चोरटा रेतीउपसा थांबेल. परदेशात ती तेच शिकली होती. इथे मात्र तहसीलदारांसमोर रेतीवाले मोकलशेठ हसत होते. उपशाने बांध खचला होता आणि संध्याकाळच्या उधाणात, बायकांना घेऊन ऋजुतामागे उभ्या असलेल्या काशीबायचं गाव बुडणार होतं.

"हा उपग्रह ढगांतूनही पाहतो. या तुमच्या बोटी," ऋजुता म्हणाली.

"हे पांढरे ठिपके? त्यांवर माझं नाव दिसतं का, ताई?"

"नाही. म्हणजे बोटी तुमच्या नाहीत?"

"एकही नाही. देवाशपथ!"

तहसीलदार हताश झाले. "मालकच नाही, तर कारवाई कोणावर करू?"

ऋजुता मागे वळली. "काशीबाय, बोटी बेवारस आहेत. भोकं पाडा आणि खचलेल्या बांधाशी बुडवा. गाव तरी वाचेल."

"चला गो बायांनो, पहारी घ्या!" काशीबायने पदर खोचला.

"माझ्या बोटींना हात लावाल तर याद राखा!" मोकलशेठ ओरडले.

तहसीलदारांनी पेन उचललं. "कोणाच्या बोटी म्हणालात?"

जप्त केलेल्या बोटी बायांनी उधाणाआधी खचलेल्या बांधाला टेकवल्या आणि बांध टिकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुताने ठरवलं, यापुढे आकाशातून आलेलं चित्र आधी काशीबायच्या ओट्यावर उघडायचं, मग कचेरीत.