शेवटची पाटी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा वैजनाथनं विचारलं, “आप्पा, मातीची पहिली पाटी कुणाच्या हातनं टाकावी?”

मठातले आप्पा अंगणात लिंबाखालच्या दगडावर बसले होते.

ते म्हणाले, “अन् शेवटची?”

वैजनाथ हसला. “शेवटचीला काय मान असतोय, आप्पा?”

आप्पांची नजर छपरावर होती.

वैजनाथचं घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती, त्यांच्यावर आडव्या लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. मृगाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, म्हणजे पाऊस आत येत नाही. आज्यापासनं हे चालत आलेलं. त्या दिवशी भाऊबंदातनं घरटी एक माणूस यायचं, पाट्या टाकायचं आणि पोटभर जेवून जायचं. ज्याच्या माळवदाला माणसं जास्त, त्याची गावात मान ताठ.

यंदा तर वैजनाथनं अख्खं घरच नवं करायला काढलं होतं. मजूर एकही लावला नाही. शाळेतला दोस्त बशीर येऊन फरशी बसवून गेला. मेहुणा शरणूनं दारं बदलली, रंग दिला. राहिलं होतं ते माळवद.

“चाळीस माणसं आलीत, आप्पा,” वैजनाथ म्हणाला. “एकाला बोलवायला जावं लागलं नाही. आमच्या घरावर माती टाकायला कुणी नाही म्हणत नाही.”

त्याची बायको रत्नमाला दारात उभी होती. पाच महिन्यांची गौरा तिच्या खांद्यावर. रत्नमालाचा कालपासनं डोळा लागला नव्हता.

कारण पाळणा.

पाळणा मधल्या तुळईला टांगलेला. बारशाला तो जमिनीपासनं वीतभर वर होता. महिन्यानं बघितलं तर दोन-तीन बोटं खाली. दोर सैल झाला असंल म्हणून तिनं आखडून गाठ मारली. परत खाली. परत गाठ. तिसऱ्यांदा तिनं दोर काढून टाकला आणि लोखंडी साखळी लावली. काल सकाळी गौराला निजवायला गेली, तर साखळीचा पाळणा बशीरच्या नव्या फरशीला टेकला होता.

साखळी काय सैल होते?

तुळईला एक चीर होती, तीही तिनं दाखवली होती. शरणू तिचा सख्खा भाऊ. त्यानं मायेनं चिरेत लांबीचा लगदा लिंपला, वाळल्यावर घासला, वर चकचकीत तपकिरी रंग मारला. “अक्का, आता शोधून दाव,” म्हणाला. तिला खरंच सापडली नाही.

आणि नवऱ्याला सांगायला गेली, तर तो म्हणाला, “चाळीस माणसं यायलीत अन् तू पाळणा घेऊन बसलीस व्हय? भलतंसलतं मनात आणू नको.”

मग तिनं पाटा-वरवंटा जवळ ओढला आणि चाळीस माणसांचं वाटण वाटलं. दुसरं काय करणार?

“आप्पा, मान तात्याला देतो,” वैजनाथ म्हणत होता. “भाऊबंदात तेच मोठे.”

नरहरतात्या धोतराचा सोगा खोचत पुढं आले. “देतो कशाचा? माझा हायच तो! तुझ्या बारशाच्या वर्षीबी मीच टाकलीय.”

सगळे हसले.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी दाराकडं बघितलं. “बाई, लेकरू कुठं निजतं?”

रत्नमालानं पदर सारखा केला. तिनं एवढ्या माणसांत कधी तोंड उघडलं नव्हतं.

“मधल्या खणात, आप्पा. तुळईखाली, पाळण्यात.”

“नीट निजतं?”

“ते निजतं... मी निजत नाही.”

“का गं?”

“पाळणा खाली येतोय. तीनदा वर घेतला. आता साखळी लावली, तरी खालीच येतोय.”

“पोरगी खात्यापित्या घरची हाय!” तात्या म्हणाले. “वजन वाढलं असंल!”

पुन्हा हशा झाला. वैजनाथनं बायकोकडं असं बघितलं, की तिनं मान खाली घातली.

आप्पा दगडावरनं उठले. पायातल्या खडावा काढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेले.

हशा जागच्या जागी थांबला.

आप्पा कुणाच्या छपराखाली जात नसत. एकतीस वर्षांपूर्वी ते कुठल्या तरी गावाहून मठात आले, तेव्हापासनं निजायचे झाडाखाली. पाऊस आला तर पोतं पांघरून बसून राहायचे. त्याला गाव वैराग्य म्हणायचं आणि पाया पडायचं. का, म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

ते आप्पा आत गेले. पाळणा त्यांनी बाजूला सारला. तो होता तिथं, फरशीवर, उताणे झाले. डोळे तुळईकडं.

“टाका,” ते आतनं म्हणाले.

कुणी हललं नाही.

“वैजनाथ, ऊन व्हायलंय. चढव माणसं.”

वैजनाथ पाटी डोक्यावर घेऊन शिडीजवळ गेला. एक पायरी चढला. दुसरी चढला...

खाली उतरला.

दारात येऊन म्हणाला, “आप्पा, उठा की.”

“का?”

“अंगावर माती पडंल.”

“मातीच ना? पडू दे.”

“तसं नव्हं...”

“मग कसं?”

वैजनाथनं वर तुळईकडं बघितलं. तात्या मागनं म्हणाले, “आप्पा, घर मजबूत हाय. आमच्या आज्यानं बांधलंय.”

“मग तू चढ, तात्या.”

तात्या आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

तुळईतनं बारीकसा आवाज आला. कट्... पूर्वीही यायचा. रत्नमाला तो रोज रात्री ऐकायची. चाळीस माणसांनी आज पहिल्यांदा ऐकला. चिमूटभर माती सुटली आणि आप्पांच्या छातीवर पडली. त्यांनी ती झटकली नाही.

“वैजनाथ, वर माती किती हाय?”

“मोजली नाही, आप्पा. आज्यानं टाकली. बापानं टाकली. मी बारा वर्षं टाकतोय.”

“काढली कुणी?”

बाहेर माती घेऊन आलेल्या बशीरच्या ट्रॅक्टरचं इंजिन चालू होतं. बशीरनं ते बंद केलं.

रत्नमाला चार पावलं चालून आली. गौराला तिनं वैजनाथच्या हातात दिलं. त्यानं डोक्यावरची पाटी खाली टाकली तेव्हा कुठं त्याला लेक धरता आली. माती अंगणात सांडली. रत्नमालानं ती रिकामी पाटी उचलली आणि पदर कमरेला खोचला.

“आप्पा, उठा,” ती म्हणाली.

“का?”

“मी माती काढायला चढते. खाली माणूस नको.”

आप्पा उठले.

“सून माळवदावर चढणार? खाली आम्ही सासरे उभे...” तात्यांनी सुरुवात केली. पण त्यांचं ते वाक्य तिथंच राहिलं. रत्नमाला शिडी चढली होती.

“बाई, भिंतीवरनं चाल,” आप्पांनी खालनं हाक दिली. “मधी पाय टाकू नको. कडेनं खोर. तुळईवरची शेवटाला, अन् आधी खालनं टेकू लाव.”

बैरागी माणसाला हे कसं ठाऊक, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

पहिली पाटी खाली आली ती तिच्या हातची. दुसरी शरणूची. मग भिंतीवर माणसांची रांग लागली आणि माती हातोहात खाली येऊ लागली. आदल्या वर्षीचा थर निघाला, त्याच्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचा. एका थरात वैजनाथच्या मेलेल्या बापाच्या बोटांचे ठसे निघाले. ओल्या मातीवर हात फिरवायची त्याला सवय होती. वैजनाथनं ते ढेकूळ हातात घेतलं... आणि खाली दिलं.

दुपारपर्यंत कंबरभर माती निघाली, तरी फळी दिसली नव्हती.

तोवर शरणू आत गेला होता. टेकूसाठी जागा बघावी म्हणून त्यानं आपणच मारलेला रंग सुरीनं खरवडला. लांबीचा थर निघून पडला. सुरी चिरेत घातली, तर मुठीपर्यंत आत गेली. बाहेर आली ती वाळवी घेऊन.

शरणू तिथंच फरशीवर बसला. “अक्का,” एवढंच म्हणाला. त्याच्या बाजूला रिकामा पाळणा होता. खाली उतरून दारात आलेल्या रत्नमालाला त्याच्याकडं बघवेना. तिला उगाच वाटलं, की अजून त्यात कुणीतरी आहे.

ती अंगणात आली. वैजनाथ लिंबाखाली बसला होता. गौरा त्याच्या मांडीवर निजलेली. सकाळपासनं त्यानं तिला कुणाकडं दिलं नव्हतं.

आप्पा खडावा घालत होते.

“आप्पा,” वैजनाथ म्हणाला. “एवढी माणसं. सगळी मायेची. एकाच्याबी मनात वाईट नव्हतं...”

“नसतंच.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

आप्पांनी निजलेल्या पोरीकडं बघितलं. हात पुढं केला, पण तिला लावला नाही.

“सकाळी मी विचारलं, शेवटची पाटी कुणाची. तू हसलास.”

“चुकलं, आप्पा...”

“माझ्या घरावर ती माझ्या हातची होती. खाली पाळणा होता.”

आप्पा चालू लागले. फाटकापाशी थांबले. मागं वळले नाहीत.

“खालच्या आळीत उद्या माती चढणार हाय. आजच सांगून या.”