शिळं मीठ

एका खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात मीठ शिजवत असत. हो, शिजवतच. मोठमोठ्या कढयांत खाडीचं पाणी ओतायचं, खाली लाकडं पेटवायची आणि पाणी आटून तळाशी मीठ उरेपर्यंत जाळ घालत राहायचं. भट्ट्या कधी विझायच्या नाहीत. घाटावरचे व्यापारी बैलांचे तांडे घेऊन यायचे, मीठ भरून न्यायचे आणि बदल्यात धान्य, गूळ, कापड देऊन जायचे. साऱ्या गावाचं पोट या मिठावर होतं.

या गावाची एक रीत होती. मीठ रोज सकाळचं ताजं लागायचं. संध्याकाळी जे उरेल ते शिळं. शिळं मीठ पानात वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान आणि शिळं मीठ व्यापाऱ्याला देणं म्हणजे तर पापच. म्हणून दिवेलागणीला घराघरातल्या सुना उरलेलं मीठ टोपलीत घेऊन खाडीवर जायच्या आणि पाण्यात ओतून यायच्या. मीठ शिळं कसं होतं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. तुम्हाला हसू येतंय ना? मलाही येतं. पण असली एखादी रीत प्रत्येक घरात असते, फक्त आपली आपल्याला दिसत नाही.

भट्ट्यांची भूक मोठी होती. आधी खाडीकाठची झाडं गेली, मग जवळच्या टेकड्या बोडक्या झाल्या, मग लाकडाच्या गाड्या दूरदूर जाऊ लागल्या. गावावर सदा धूर असायचा. वाळत घातलेली धोतरं राखाडी व्हायची आणि पोरं झोपेतसुद्धा खोकायची. म्हातारी माणसं म्हणायची, "हवाच खारी आहे इथली, खोकला व्हायचाच." झालं, विषय संपला.

आता एकच झाडी उरली होती, गावामागच्या टेकडीवरची देवीची राई. तिच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा होता. खाडीकाठच्या विहिरी साऱ्या खाऱ्या, त्यामुळे गाव पाणी प्यायचं ते या एका झऱ्याचं.

गावाचा मुख्य भट्टीकर होता हिरोजी. झाड तोडायचं असेल तर आधी त्याने बुंध्याला चुन्याचा टिळा लावायचा, मगच लाकूडतोडे कुऱ्हाड घालणार. हा मान त्याच्या घराण्याचा. एके दिवशी लाकूडतोड्यांचा म्होरक्या गोमा चार माणसं घेऊन त्याच्या ओट्यावर आला.

"हिरोजीकाका, गाड्या रिकाम्या परत येतायत. आता राईशिवाय लाकूड नाही. टिळे लावा."

"राई तोडली तर झरा आटेल रे गोमा. मग प्यायचं काय?"

"आणि भट्ट्या विझल्या तर खायचं काय?"

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत होती. हिरोजीने टेकडीवरच्या राईकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "होळीपर्यंत दम धरा. काही सुचलं नाही, तर लावतो टिळे."

दाराआड उभी राहून त्याची सून वेणू हे ऐकत होती. वेणू लांबच्या किनाऱ्यावरून लग्न होऊन आलेली. माणसं गेल्यावर ती बाहेर आली.

"मामंजी, बोलू का? माझ्या माहेरी मीठ कुणी शिजवत नाही."

"मग काय कच्चं खाता?" हिरोजीने विचारलं. त्याने थट्टा केली नव्हती, त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"ऊन पिकवतं आमच्याकडे मीठ. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, उथळ वाफ्यांत सोडायचं आणि वाट बघायची. लाकूड लागत नाही, जाळ लागत नाही."

गावात ही बातमी पसरली आणि लोक हसून हसून बेजार झाले. उन्हात मीठ! उद्या म्हणाल चांदण्यात भात शिजतो! गोमा तर पोट धरून हसला. हिरोजी मात्र हसला नाही. ज्याच्या हातात चुन्याची वाटी असते ना, त्याला हसणं परवडत नाही. त्याने भट्ट्यांमागची, भरतीचं पाणी शिरणारी पडीक खाजण जमीन वेणूला दिली आणि स्वतः कुदळ घेऊन तिच्यासोबत उभा राहिला.

बांध घातले, माती भिजवून पायांनी तुडवली, वाफे आरशासारखे सपाट केले. पाणी वरच्या वाफ्यांत चढवायला वेणूने फाटक्या शिडांचं एक चाक उभं केलं. वारा आला की शिडं फुगायची, चाक फिरायचं आणि त्याला बांधलेली गाडगी खालचं पाणी वर नेऊन ओतायची. गावात बैलांच्या रहाटाची सर्वांना माहिती होती, पण बैलांशिवाय फिरणारा रहाट बघायला आख्खं गाव लोटलं. म्हातारे चाकामागे जाऊन बघून आले, बैल लपवलाय की काय म्हणून.

मग वाट बघणं सुरू झालं. पाणी आटत गेलं, दाट झालं, आणि एका दुपारी पहिल्या वाफ्याच्या कडेला पांढरी साय धरली. संध्याकाळपर्यंत साऱ्या वाफ्यात मीठ फुललं होतं. टपोरं, स्वच्छ, धुराचा वास नसलेलं. हिरोजीने ओंजळभर उचललं आणि वेणूकडे बघून म्हणाला, "सूनबाई, जिंकलीस बरं का."

होळीच्या आधीच खाजणात वाफेच वाफे झाले. आज या वाफ्यातलं मीठ काढायचं, उद्या त्या. रोज ताजं मीठ मिळू लागलं, तेही भट्टीच्या दुप्पट. लाकूडतोड्यांचे हात रिकामे झाले होते, पण बांध घालायला आणि वाफे तुडवायला मजबूत माणसं हवीच होती. गोमा आधी कुरकुरला, मग कुऱ्हाड ठेवून त्याने फावडं उचललं. "निदान गाडी घेऊन रानोमाळ हिंडायला नको," एवढं त्याने कबूल केलं. एकेक करून भट्ट्या निवल्या. उरल्यासुरल्या लाकडावर एक मोठी भट्टी मात्र गावाने चालू ठेवली. असू दे, अडीअडचणीला उपयोगी पडेल, असं सगळ्यांचं मत पडलं.

आणि दिवेलागणीला सुना उरलेलं मीठ टोपलीत घेऊन खाडीवर जात राहिल्या. आता उरायचंही जास्त. पूर्वी एक टोपली व्हायची, आता दोन दोन. तरी कुणाच्या मनात काही आलं नाही.

चैत्र लागला आणि एके दिवशी आभाळ भरून आलं. ते हलेचना. ऊन नाही म्हणून वाफ्यांतलं पाणी आटेना, वारा पडला म्हणून चाक फिरेना. पहिल्या दिवशी लोक वर बघत बसले, दुसऱ्या दिवशी एकमेकांकडे बघू लागले. गावात चिमूटभर मीठ नव्हतं. असणार कुठून? जे होतं ते रोज खाडीला जात होतं. मोठ्या भट्टीत होतं नव्हतं ते सारं लाकूड घातलं, पण तिच्या एकटीच्या मिठाने काय होणार! त्यातच घाटावरून बैलांचा मोठा तांडा उतरला. व्यापारी म्हणाला, "मीठ असेल तर सांगा, नाहीतर आम्ही पुढच्या बंदराला जातो. पुन्हा या वाटेला यायचं की नाही, तेही मग बघू."

गाव हवालदिल झालं. तांडा गेला तर वर्षभराचं धान्य गेलं.

"बघितलंत ना?" गोमा ओरडला. "उन्हावर भरवसा ठेवला की हे असं होतं! जाळ कधी दगा देत नाही. काका, राईवर टिळे लावा. आज लाकूड पडलं तर उद्या सगळ्या भट्ट्या पेटतील."

या वेळी त्याच्या मागे चार माणसं नव्हती, सारं गाव होतं. आणि खरं सांगायचं तर ती माणसं वाईट नव्हती. भ्यालेली होती.

हिरोजीने चुन्याची वाटी घेतली आणि टेकडी चढू लागला. झऱ्याशी थांबून तो ओंजळभर पाणी प्यायला, मग पहिल्या झाडाशी गेला. त्याने बोट चुन्यात बुडवलं.

"मामंजी, थांबा."

वेणू धापा टाकत वर आली होती. तिच्या हातात पालथं झाकण घातलेलं गाडगं होतं.

"ऊन आपल्याला दगा देत नाही. त्याने महिनाभर भरपूर मीठ दिलं. ते आपणच खाडीत ओतायला काढलं."

"शिळं होतं ते," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मी नाही ओतलं," वेणू म्हणाली. "माझ्या घरचं मीठ मी ओतलं नाही. बाकीच्या बायकांनाही काठावर गाठून म्हटलं, द्या टोपल्या इकडे, मी ओतून येते. आणि खाजणापलीकडच्या उंचवट्यावर ढीग करून त्यावर झावळ्या घातल्या. आमच्याकडे असंच ठेवतात. तांड्याचे सगळे बैल भरतील, एवढं मीठ आहे तिथे."

एकच गलका झाला. "गावाला फसवलंस! रीत मोडलीस! व्यापाऱ्याला शिळं मीठ द्यायचं? आमचं तोंड काळं करायला निघालीस?"

"हो, रीत मोडली," वेणू म्हणाली. "मला काय बोलायचं ते बोला, शिक्षा करा. पण झाडं तोडायच्या आधी कुणीतरी एकदा चाखून बघा." तिने झाकण काढलं.

कुणी पुढे होईना. सगळे हिरोजीकडे बघत होते. मुख्य भट्टीकराचा मान ज्याच्या घराण्याचा, ज्याच्या बापाने मरतानासुद्धा सकाळच्याच मिठाची पेज मागितली, त्याने भर गावासमोर शिळं मीठ तोंडात घालायचं? त्यापेक्षा टिळा लावणं किती सोपं होतं. बोटाला चुना लागलेलाच होता. नुसतं टेकवायचं, की सारं गाव खूश.

हिरोजीने झाडाकडे बघितलं, मग सुनेकडे. त्याने चुन्याचं बोट धोतराला पुसलं. गाडग्यातला एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला.

पुढे उभे असलेले मागे रेलले. गोमा तर दोन पावलं मागे सरकला, जणू हिरोजी आता तिथेच कोसळणार होता.

"काका," त्याने घाबरत घाबरत विचारलं, "कसं लागतंय?"

हिरोजीने तोंड हलवलं. विचार केला. दुसरा खडा उचलून खाल्ला.

"खारट," तो म्हणाला.

आधी एक म्हातारी हसली. मग तिच्या शेजारची. मग सारी टेकडी हसायला लागली. माणसं हसता हसता डोळे पुसत होती, कारण छातीवरचं मोठं ओझं उतरलं होतं. पोरांनी गाडग्यावर झडप घातली, मोठ्यांनी मागोमाग हात घातले आणि जो तो दुसऱ्याला सांगू लागला, "खारटच आहे की रे!"

हिरोजीला तेव्हा कुठे उलगडा झाला. भट्टीचं मीठ पिठासारखं बारीक, खाडीच्या दमट हवेत उघडं राहिलं की सकाळी त्याला पाणी सुटायचं. त्या चिकचिकाटाला पूर्वी कुणीतरी शिळं म्हटलं असेल आणि तेव्हापासून सारे म्हणत आले. उन्हाचं टपोरं मीठ झावळ्यांखाली कोरडंच्या कोरडं होतं.

दुपारपर्यंत तांडा भरला. व्यापाऱ्याने एक खडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "यंदा धुराचा वास नाही. पुढच्या वेळी असलंच द्या." गावाने एकमेकांकडे बघितलं आणि मोठ्या मुश्किलीने हसू दाबलं. मग गोमाने स्वतःहून विचारलं, "वेणूवहिनी, झावळ्यांचं छप्पर केवढं हवं? पावसाळाभर पुरेल एवढा ढीग करायचा तर उंच ओटा घालावा लागेल." बघा, हाच तो माणूस.

त्या संध्याकाळी गावाने ती शेवटची मोठी भट्टीही विझू दिली. तिच्यात कुणी पाणी ओतलं नाही की कुणी तिला नावं ठेवली नाहीत. इतकी वर्षं तिनेच पोसलं होतं. बायकांनी हळदकुंकू वाहिलं आणि राख निवेपर्यंत सारे जवळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. हिरोजीला जाग आली तेव्हा ते पार उशाशी पोचलं होतं. तो दचकून उठला. जाळ घालायला न उठता, आयुष्यात पहिल्यांदा तो रात्रभर झोपला होता! "भट्टी!" असं ओरडत तो तसाच अनवाणी अंगणात धावला. अंगणात वेणू धुणं वाळत घालत होती. धोतरं पांढरीशुभ्र होती.

"भट्टी विझली ना कालच, मामंजी," ती म्हणाली. "काही घालायचं नाही तिच्यात. बसा, पेज आणते."

हिरोजी ओट्यावर टेकला. घरात त्याचा नातू अजून झोपला होता आणि खोकत नव्हता. हिरोजी कान देऊन ऐकत राहिला.

तात्पर्य सांगायलाच हवं, कारण हल्ली छपरावर सोलर बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, "आणि ढग आले म्हणजे?" तर ऐका: ऊन आणि वारा आपल्या सोयीने येत नाहीत, म्हणून ते दगाबाज ठरत नाहीत. ते येतात तेव्हा देतात भरभरून. दिलेलं साठवायचं की जुन्या सवयीपायी पाण्यात ओतून मग शेवटच्या झाडाकडे बघायचं, एवढंच आपल्या हातात असतं.