महाराजांचा घोडा आणि सर्वांत वरचं सेटिंग

महाराजांचा घोडा खंदकावरून उडाला आणि हवेतच थांबला!

पुढचे पाय वर, शेपटी ताठ, आणि खाली पाण्याची लाट जागच्या जागी उभी. पडद्यावरच्या त्या घोड्याकडे चंदनगडचे प्रचंडसेन महाराज डोळे वटारून बघत राहिले. मग घोडा एकदम पुढे सरकला, तो थेट झाडावर आपटला.

"बजाबा!" महाराज गरजले.

बजाबा हा राजवाड्यातला संगणकवाला. तो धावत आला आणि सवयीनं म्हणाला, "महाराज, हा लिनक्सचा दोष नाही!"

"आम्ही अजून काही विचारलंच नाही!"

बजाबाची ही जुनीच खोड. राजवाड्यातले सगळे संगणक ज्याच्यावर चालायचे ते लिनक्स त्यानंच आणलं होतं, तेही "फुकट आहे, सुरक्षित आहे, वाऱ्यासारखं पळतं" अशी भर दरबारात फुशारकी मारून. तेव्हापासून राजवाड्यात कारंजं तुंबलं तरी लोक त्याच्याकडे बघायचे, आणि तो आधीच खुलासा करून मोकळा व्हायचा.

"उद्या सोनतळ्याचे राजे येणार," महाराज म्हणाले. "याच पडद्यावर आमच्याशी घोड्यांची शर्यत खेळणार. आमचा घोडा जरासुद्धा अडखळता कामा नये! नवं ग्राफिक्स कार्ड मिळणार नाही. आणि चित्राच्या दर्जाचं सेटिंग खाली आणायचं नाही. मेनूत जो सर्वांत वरचा पर्याय असेल, तोच आमचा!"

"आणि नाही जमलं तर, महाराज?"

"तर तुझं लिनक्स पुसून टाकू, आणि तुला हत्तीखान्यात धाडू. शेण उचलायला!"

शेणाचं बजाबाला एवढं काही वाटलं नाही. पण लिनक्स पुसू देणं त्याला परवडणारं नव्हतं. सासुरवाडीतसुद्धा त्यानं त्याचे गोडवे गायले होते. आता तिथं कुठल्या तोंडानं जाणार!

तो कामाला लागला. ग्राफिक्स कार्डाला हाकणारा नवा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, घातला, तर आवाज गेला. आवाज आणला, तर माउस हलेना. माउस हलवायला गेला, तर अख्खा पडदाच काळा पडला! मग त्या काळ्या पडद्यावर आदेशामागून आदेश लिहिताना, खरं सांगायचं तर, गड्याला मजाच यायला लागली. घोडा, महाराज, हत्तीखाना, सगळं विसरून तो दुपारपर्यंत तिथंच रमला.

शेवटी सगळं पहिल्यासारखं करून झाल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. दोष ड्रायव्हरचा नव्हताच. सर्वांत वरच्या सेटिंगला रानातल्या पानापानाची सावली काढावी लागत होती. जुनं कार्ड बिचारं सावल्या काढत बसायचं आणि घोडा तोवर हवेत ताटकळायचा. बजाबानं हळूच सेटिंग 'मध्यम'वर आणलं. घोडा भरधाव सुटला!

नेमके तेव्हाच महाराज मागं येऊन उभे राहिले.

"मध्यम? आम्ही? आम्हाला काय किराणावाला समजलास? वर ने ते!"

बजाबानं वर नेलं. घोडा पुन्हा हवेत टांगला गेला.

संध्याकाळी घरी बजाबा ताटातलं अन्न नुसतंच चिवडत बसला. त्याची बायको गिरजा राजाच्या मुदपाकखान्यात कामाला होती. तिनं सगळी हकिकत ऐकून घेतली आणि विचारलं, "तुम्ही स्वतः तरी खेळता का हो कधी? मी बघते ती तुमची नुसती तयारीच चाललेली असते."

"तयारीतच खरा खेळ असतो," बजाबा पुटपुटला.

"असेल, असेल. बरं, महाराजांचं पोट बिघडलं की ते काय जेवतात, ठाऊक आहे? मऊ भात! पण मऊ भात म्हणून वाढला, तर ताट भिरकावतील. म्हणून आम्ही तो चांदीच्या वाटीत घालतो आणि म्हणतो, 'महाराज, खास चक्रवर्ती अन्न!' मग मागून मागून खातात."

बजाबाचा हात ताटातच थांबला. मग तो तसाच राजवाड्याकडे पळाला.

"अहो, हात तरी धुवा!" गिरजा ओरडली.

तो खेळ मुक्त होता. त्याचा मेनू कुणालाही उघडून बदलता यायचा. आणि काही बदलता येतंय असं दिसलं की बजाबाला राहवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सोनतळ्याचे राजे मिशीला पीळ देत येऊन बसले. महाराजांनी मेनू उघडला. कालपर्यंत सर्वांत वर असलेल्या 'अत्युच्च'च्याही वर एक नवा पर्याय सोनेरी अक्षरांत झळकत होता: 'चक्रवर्ती'!

"हे काय?"

"सर्वांत वरचा पर्याय, महाराज. आपलाच!"

महाराज खूश झाले. शर्यत सुटली. खंदक गेला, ओढा गेला, रान गेलं, घोडा कुठं म्हणून अडखळला नाही! सोनतळ्याच्या राजांना मागं टाकून महाराज जिंकले. दरबारानं जयजयकार केला. बजाबानं सुटकेचा श्वास सोडला.

तो जरा लवकरच सोडला. सोनतळ्याचे राजे पडद्याजवळ वाकले. "प्रचंडसेन, घोडा झकास आहे हो. पण तुमच्या झाडांना सावलीच नाही!"

महाराजांनी पडदा न्याहाळला, मग बजाबाला.

"बजाबा! हे कालचं 'मध्यम'च ना रे?"

"काल मध्यम होतं, महाराज," बजाबा म्हणाला. "पण आज आपण ते निवडलंत. आता त्याला मध्यम म्हणायची कुणाची छाती आहे?"

"आणि सावल्या? त्या कुठं गेल्या?"

बजाबानं हात जोडले. "महाराज, सावली लागते ती थांबणाऱ्याला. आपला घोडा थांबणारच नसेल, तर सावली काढायची कुणासाठी?"

आधी सोनतळ्याचे राजे हसले. मग महाराज असे खदाखदा हसले, की मुकुट घरंगळून मांडीवर आला. त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून बजाबाच्या गळ्यात घातला आणि उभं राहून हुकूम सोडला, "आजपासून चंदनगडातल्या घराघरांत लिनक्स घाला! आणि कुणाचं काही अडलं, तर वेळ-अवेळ न बघता खुशाल या बजाबाला उठवा!"