तुळी आणि कातळावरचा निवडुंग

एक होता डोंगर. नुसता कातळ, बरं का. माती मूठभर, सावली मुळीच नाही. त्या कातळाच्या भेगेत एक निवडुंग उभा होता, देवळाच्या खांबासारखा सरळ. चैत्रात त्याला लाल फळं यायची. ती खाल्ली की मरायला टेकलेलं पोरही उठून बसायचं.

डोंगराखाली तुळी नावाची धनगरीण राहायची. तिची दोन लेकरं तापानं गेली, फळं पिकायच्या आधीच. तिसरी भागू तेवढी फळानं वाचली. तेव्हापासून निवडुंग तुळीशी बोलायचा. दुसऱ्या कुणाला ऐकू यायचं नाही हं.

एकदा काय झालं, राजाचा मुलगा आजारी पडला. राणीनं शिपाई धाडले. फळांना तीन महिने अवकाश होता. मग त्यांनी निवडुंगच उपटला, आणि त्याला सांभाळायला तुळीलाही राजवाड्यात ओढत नेलं. भागू शेजारणीकडे रडत राहिली.

राणी म्हणाली, "हा निवडुंग मेला तर तुझा कडेलोट."

पहिल्या महिन्यात राणीनं त्याच्यावर रेशमी छत बांधलं. निवडुंग म्हणाला, "तुळे, ऊन दिसत नाही गं." दुसऱ्या महिन्यात बुंध्याशी काळी माती भरली. "तुळे, पाय कोंडले गं." तिसऱ्या महिन्यात हंड्यावर हंडे ओतले. "तुळे, आतून सडलो गं."

तुळी दर वेळी पाया पडली. "राणीसाहेब, कातळावरचं झाड हाय. ऊन द्या, खडी द्या. लाड सोसायचे न्हाईत त्याला."

"माझा लेक ज्याच्यावर जगायचा, त्याला तहानलेला ठेवू?" राणी म्हणायची.

मग एका सकाळी निवडुंग मऊ पडला आणि कोसळला. चैत्र लागला. फळ नाही. राजपुत्र गेला.

शिपायांनी तुळीला कड्यावर नेलं. मागून राणी आली. "निवडुंग कातळावरच ठेवला असता तर?"

तुळी खोटं बोलली नाही. "दोघंबी जगले असते."

राणीनं शिपायांपुढं हात आडवा धरला. म्हणाली, "सोडा तिला."

तुळीनं राजवाड्यात पडलेल्या निवडुंगाची न सडलेली एक फांदी उचलून घरी आणली. आठ दिवस तिची जखम वाळू दिली, मग भेगेत रोवली. फांदी बोटाबोटानं वाढली. राणी दर चैत्रात अनवाणी यायची, बघून जायची. फळ धरलं तेव्हा ना राणी होती, ना तुळी.

राजपुत्र काही परत आला नाही, बाळांनो. पण भागूची नातवंडं ती फळं खाऊन जगली, सुखानं नांदली. चला, पांघरूण घ्या. मिटा डोळे.